टँगवरचे ठिपके आधी मोजा: जुने अमेरिकन खिशातले चाकू जमवताना

पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यावरचा तिसरा उन्हाळा. गावाबाहेरच्या मैदानावर दर रविवारी जुना बाजार भरतो. तिथे एका वयस्कर शेतकऱ्याच्या टेबलावरून मी तीन पात्यांचा एक चाकू उचलला. मोठं पातं धार लावून लावून निम्म्यावर आलेलं. मधलंही झिजलेलं. तिसरं, गोलसर टोकाचं छोटं पातं मात्र जवळपास नव्यासारखं. झिजलाय, असं म्हणून मी तो खाली ठेवला, तेव्हा ते गृहस्थ बोलायला लागले. चाकू त्यांच्या वडिलांचा होता. मोठ्या पात्याने ते पेंढ्यांची सुतळी कापायचे, सफरचंद सोलायचे, नांगराला चिकटलेला चिखल खरवडायचे. छोटं पातं फक्त गोऱ्हे खच्ची करायला. त्याला दुसऱ्या कशालाही हात लावू द्यायचे नाहीत, आणि ते काम झालं की उकळत्या पाण्यातून काढून, पुसून मगच मिटायचे.

मी तो चाकू घेतला. पण त्यांचं शेत कुठलं, वडिलांनी तो कधी आणि कोणाकडून घेतला, हे विचारून लिहून घ्यायचं मला सुचलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते टेबल तिथे नव्हतं. आज माझ्याकडे शंभरेक चाकू आहेत आणि नव्याने सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच पहिलं सांगतो: चाकूबरोबर एक वही घ्या. पॉलिश आणि पेटी नंतर आणली तरी चालेल.

सुरुवात कुठून करायची

सगळं जमवायला गेलात तर हाती काहीच लागत नाही. एक धागा धरा. एकच कारखाना, किंवा एकच आकार, किंवा एकच गाव. मी केस या अमेरिकन कंपनीच्या स्टॉकमन या तीन पात्यांच्या चाकूपासून सुरुवात केली आणि दोन वर्षं दुसरं काही घेतलं नाही. एकाच जातीचे पंचवीस-तीस चाकू हातून गेले की खोटा चाकू डोळ्याआधी बोटांना कळायला लागतो.

गावाचा धागा धरायचा असेल तर थोडा इतिहास हवा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतल्या बहुतेकांच्या खिशात इंग्लंडच्या शेफील्डचा चाकू असायचा, पुढे जर्मनीतल्या सोलिंगनचाही. शेफील्डचे कारागीर कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क राज्यांत येऊन स्थिरावले आणि त्यांच्या हातांवर इथले कारखाने उभे राहिले. न्यूयॉर्क नाइफ कंपनी १८५२ साली सुरू झाली, १८५६ मध्ये वॉल्डन गावात आली आणि हातोड्याच्या छापाने ओळखली जाऊ लागली. त्याच वॉल्डनमध्ये वॉल्डन नाइफ कंपनी आली, १९०४ साली श्रेड आली. लोक त्या गावाला छोटं शेफील्ड म्हणायचे. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने परदेशी मालावर जबर जकात बसली आणि इथल्या कारखान्यांना मोकळं रान मिळालं. त्याच कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव छापणं सक्तीचं झालं. म्हणून पात्यावर ‘जर्मनी’ किंवा ‘इंग्लंड’ असं नाव कोरलेलं दिसलं, तर तो चाकू बहुधा १८९१ नंतरचा समजायचा.

दुसरा पट्टा न्यूयॉर्क आणि पेनसिल्व्हेनियाच्या सीमेवरचा. लिटल व्हॅलीमध्ये कॅटरॉगस कंपनी आणि केस बंधू, ऑलीनमध्ये ‘का-बार’ छापाचे चाकू काढणारी युनियन कटलरी, ब्रॅडफर्डमध्ये १९०५ पासून डब्ल्यू. आर. केस अँड सन्स, टायट्सव्हिलमध्ये क्वीन. यातले बहुतेक बंद पडले. न्यूयॉर्क नाइफ १९३१ मध्ये गेली, कॅटरॉगस १९६३ मध्ये. आमच्या डोळ्यांदेखत इम्पिरियल श्रेड २००४ मध्ये, कॅमिलस २००७ मध्ये आणि क्वीन २०१८ मध्ये बंद झाली. केस अजून ब्रॅडफर्डमध्येच आहे. १९९३ साली ती झिप्पो लायटरवाल्यांनी घेतली आणि दोघांचं मिळून एक संग्रहालय त्याच गावात आहे. जमलं तर एकदा जाऊन या.

पैसे बेताचे असतील तर कॅमिलसचा सैनिकी चाकू बघा. सगळा स्टेनलेस स्टीलचा, मुठीवर ‘यू.एस.’ आणि बऱ्याच चाकूंच्या पात्यावर चक्क बनवल्याचं साल. शिकायला याहून सोपा चाकू नाही.

टँग वाचायला शिका

पातं उघडलं की मुठीला लागून धार नसलेला एक जाड चौकोनी भाग दिसतो. तोच टँग. चाकूची जन्मपत्रिका तिथे असते. तो वाचायला दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि छोटी बॅटरी समोरून न धरता बाजूने, जवळजवळ आडवी धरा. पुसट झालेली अक्षरं सावलीमुळे उठून येतात. फोटोही याच उजेडात काढा.

केसचं वाचन सगळ्यात सोपं म्हणून त्याने सुरुवात करावी. ‘टेस्टेड एक्सएक्स’ असा छाप साधारण १९२० ते १९४० या काळातला. नुसतं ‘केस एक्सएक्स’ १९४० ते १९६४. खाली ‘यू.एस.ए.’ आलं की १९६५ ते १९६९. १९७० पासून कंपनीने ठिपक्यांची पद्धत आणली: त्या वर्षी नावाखाली दहा ठिपके आणि दर वर्षी एक कमी. म्हणजे ठिपके मोजा आणि १९८० मधून वजा करा. सात ठिपके म्हणजे १९७३, दोन म्हणजे १९७८. १९८० ला पुन्हा दहा ठिपके सुरू झाले, पण नावातलं ‘एस’ हे अक्षर विजेच्या लोळासारखं टोकदार झालं. असं ‘एस’ दिसलं की १९९० मधून वजा करायचे. घाईत लोक या अक्षराकडे बघत नाहीत आणि दहा वर्षांनी चुकतात. मी स्वतः असा एक चाकू १९७४ चा म्हणून वहीत लिहिला होता. तो १९८४ चा निघाला.

टँगच्या दुसऱ्या बाजूला आकडा असतो. समजा ६३४७. पहिला आकडा मुठीचा: ६ म्हणजे खाचा पाडलेलं हाड. दुसरा पात्यांचा: तीन. उरलेला ४७ हा आकाराचा क्रमांक, म्हणजे स्टॉकमन. याच हिशेबाने ६२५४ म्हणजे हाडाची मूठ, दोन पाती, ट्रॅपर. पहिला आकडा ३ असेल तर पिवळी कृत्रिम मूठ, ५ असेल तर खरं शिंग, ८ असेल तर शिंपल्याच्या आतल्या चमकदार थराची मूठ. आता एक गाठ मारून ठेवा: टँगवर ६ आणि हातात शिंगाची मूठ असं दिसलं, तर कोणीतरी मूठ बदललेली असायची दाट शक्यता आहे. उलट, ६ खाली पुढच्या काळात डेल्रिन नावाचं प्लास्टिकही आलं, त्यामुळे प्लास्टिक दिसलं म्हणून लगेच खोटं ठरवू नका.

रेमिंग्टनची गोष्ट वेगळी. पहिल्या महायुद्धानंतर बंदुकांची मागणी ओसरली, तेव्हा त्यांनी कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला चाकू काढायला घेतले आणि १९४० मध्ये तो धंदा विकून टाकला. जेमतेम वीस वर्षांचं काम, म्हणूनच त्याची ओढ जास्त. मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची धातूची चकती बसवलेला त्यांचा ‘बुलेट’ चाकू १९२२ मध्ये आला. पण १९८२ पासून याच चाकूंच्या नव्या आवृत्त्या निघाल्या आहेत, आणि चाळीस वर्षं वापरलेली नवी आवृत्ती नवख्याला सहज जुनी वाटते.

काही छाप कारखान्याचे नसतातच. ‘कीन कटर’ हे सेंट लुईसच्या सिमन्स हार्डवेअर या घाऊक व्यापाऱ्याचं नाव, ‘डायमंड एज’ त्याच शहरातल्या शॅपले यांचं. चाकू बनवायचा दुसरा, नाव लागायचं तिसऱ्याचं. असा चाकू वहीत लिहिताना ‘कोणी विकला’ आणि ‘कोणी बनवला’ असे दोन रकाने ठेवा.

आकार म्हणजे धंदा

या चाकूंच्या आकारांमागे माणसांची कामं आहेत, आणि माझा जीव सगळ्यात जास्त इथेच रमतो. स्टॉकमन गुराख्याचा: टोकदार पातं सर्वसाधारण कामाला, सरळ धारेचं ‘शीपफूट’ खूर आणि दोर कापायला, आणि गोल टोकाचं ‘स्पे’ खच्चीकरणाला. टोक गोल का, तर जनावर हिसडलं तरी भलतीकडे घुसू नये म्हणून. ट्रॅपर सापळे लावणाऱ्यांचा, कातडी सोडवायला दोन लांब पाती. बार्लोची खूण म्हणजे मुठीच्या पुढच्या टोकाला असलेला लांबलचक लोखंडी बोल्स्टर, म्हणजे धातूची टोपी, ज्यामुळे स्वस्तातला चाकूही दणकट व्हायचा. मॅसॅच्युसेट्सच्या रसेल कंपनीचा बार्लो त्याच्या बोल्स्टरवरच्या ‘आर’ अक्षरातून आरपार गेलेल्या बाणावरून ओळखतात. टीएल-२९ हा तारा सोलायचा, अमेरिकी लष्कराच्या सिग्नल दलाचा. आणि १९११ मध्ये बॉय स्काउटांचा पहिला अधिकृत चाकू निघाला तो न्यूयॉर्क नाइफचाच.

आपल्याकडे खुरपं, कोयती, विळी, अडकित्ता यांच्या आकारावरून वापरणाऱ्याचा हात कळतो. तसंच हे. चाकू हातात आला की आधी विचारा, कोणतं पातं जास्त झिजलंय?

टेबलापाशी उभं राहून काय तपासायचं

विक्रेत्याला विचारून मगच पातं उघडा. नखाच्या खाचेत नख घालून, दुसऱ्या हाताची बोटं धारेच्या वाटेतून बाजूला ठेवून. चांगल्या चाकूची स्प्रिंग सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी ओढते आणि पातं उघडताना ‘टक्’, मिटताना ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. मग पातं उघडं ठेवून चिमटीत धरा आणि डावी-उजवीकडे हलवून बघा. थोडी हालचाल चालते. खुळखुळ वाजलं तर किंमत पाडून मागा.

नंतर मिटलेला चाकू आडवा धरून पाठीकडून बघा. स्प्रिंग आणि बाजूच्या पितळी पट्ट्या एका रेषेत आहेत का? पात्याचं टोक पट्ट्यांच्या वर तर येत नाही ना? येत असेल तर पातं मोडून पुन्हा घासलं असेल किंवा बदललं असेल. शक्य झालं तर त्याच नमुन्याच्या न झिजलेल्या पात्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून तुलना करा. दहा टक्के झीज डोळ्याला दिसत नाही, तुलनेत लगेच दिसते.

मुठीवर रिव्हेटांपाशी केसासारख्या बारीक चिरा असतात, त्या भिंगाखाली बघा. हाड की प्लास्टिक हेही भिंगच सांगतं: हाडाच्या कडेला बारीक काळसर छिद्रं किंवा रेघा असतात, प्लास्टिक एकजिनसी दिसतं. काही जण तापलेली सुई टोचून बघायला सांगतात. हे कधीही करू नका. बऱ्याच जुन्या मुठी सेल्युलॉइड नावाच्या जुन्या प्लास्टिकच्या असतात आणि ते झटकन पेट घेतं.

आता खोटेपणा. सर्रास चालणारी फसवणूक म्हणजे टँगवरचं साधं नाव घासून त्यावर महागड्या कंपनीचं नाव ठोकणं. तिथला धातू घासला गेल्याने टँग स्प्रिंगपेक्षा पातळ होतो आणि फट दिसते. अंगभर खड्डे पडलेल्या पात्यावर नावाच्या कडा मात्र तीक्ष्ण आणि ताज्या, हेही जुळत नाही. झीज सगळीकडे एकाच वयाची हवी. मूठ शंभर वर्षांची आणि आतल्या पितळी पट्ट्या कालच्यासारख्या झळझळीत, असा चाकू मी उचलून परत ठेवतो.

किंमत ठरवताना लोक काय मागतात ते बघू नका, विक्री खरंच किती रुपयांना किंवा डॉलरना झाली ते बघा. ऑनलाइन लिलावांत पार पडलेल्या विक्रीचे आकडे दिसतात. तेच खरे.

साफ करायचा म्हणजे किती

पॉलिशच्या चाकावर धरलेला जुना चाकू पुन्हा जुना होत नाही. पात्यावरचा कोरीव छाप, टँगच्या अक्षरांच्या कडा, कारखान्यातल्या घासणीच्या रेघा, सगळं अर्ध्या मिनिटात जातं. ती निळसर-काळी झाक म्हणजे घाण नव्हे. कैरी कापून कापून आजीच्या विळीला जी झाक यायची, तीच ही. तिच्यामुळे खालचं पोलाद सांभाळलं जातं. काढायचा तो फक्त लाल, भुरभुरणारा गंज.

माझी पद्धत अशी. सांध्यांमध्ये मिनरल ऑइलचे दोन थेंब सोडायचे, चाकू दोन-तीन वेळा उघडून मिटायचा आणि निघालेला काळा चिखल मऊ सुती फडक्याने टिपायचा. आतल्या खोबणीत लाकडी टूथपिकने कोरायचं. लाल गंजावर तेल लावून एक दिवस ठेवायचं आणि तांब्याच्या नाण्याच्या कडेने हलकेच खरवडायचं. तांबं पोलादापेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. अमेरिकेतली १९८२ च्या आधीची एक सेंटची नाणी मी यासाठी बाजूला ठेवतो. ती जवळजवळ सगळी तांब्याची आहेत, नंतरची जस्ताची. पाण्यात बुडवायचं नाही, व्हिनेगरमध्ये तर अजिबात नाही. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात द्यायचा. आणि संग्रहातल्या चाकूला धार लावायची नाही. वापरायला वेगळा चाकू ठेवा.

सेल्युलॉइडला शेजार नको

संग्राहकाचं खरं नुकसान बाजारात होत नाही, घरातल्या बंद पेटीत होतं. माझ्या तिसऱ्या हिवाळ्यात झालं. लाकडी पेटीत, मखमलीच्या खाचांमध्ये अकरा चाकू ठेवले होते. मधोमध मधाच्या रंगाच्या, किंचित पारदर्शक मुठीचा एक देखणा पेननाइफ होता. मार्चमध्ये पेटी उघडली तर कापराचा आणि नाक चुरचुरणारा आंबट वास आला. त्या मुठीला आतून खडीसाखरेसारखे तडे गेले होते, पितळी पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या आणि दोन्ही बाजूंच्या चाकूंच्या पात्यांवर लाल ठिपके उठले होते. दूरच्या टोकाचे चाकू वाचले. चाकू अगदी कोरडे होते, तेल लावलेले होते, तरीही.

सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं मिश्रण. जुनं झालं की ते नायट्रोजनची आम्लधर्मी वाफ सोडतं आणि ती जवळच्या पोलादाला खाते. पारदर्शक आणि फिक्या रंगांच्या मुठी आधी जातात. एकदा कुजायला लागली की थांबवता येत नाही. म्हणून सेल्युलॉइडचे चाकू वेगळ्या जागी, हवा खेळेल असे, उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवा आणि महिन्यातून एकदा वास घ्या. कुजका निघाला तर फोटो काढा, टँगची नोंद करा आणि त्याला इतरांपासून हलवा.

बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. चामड्याच्या पाकिटात कायमचे ठेवू नका, चामडं ओलावा धरतं आणि कमावताना वापरलेली रसायनं पितळाला हिरवं करतात. आणि दमटपणा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवा. फार कोरड्या हवेत हाड तडकतं. मुंबईत किंवा कोकणात ठेवणार असाल तर पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरा दिवसांनी बदलायला हव्यात.

सांबराचं शिंग आणि कायदा

जुन्या अमेरिकन चाकूंवरचं उत्तम ‘स्टॅग’ म्हणजे पुष्कळदा आपल्याकडच्या सांबराचं शिंग. सांबराची शिंगं नैसर्गिकरीत्या गळून पडतात आणि नवी येतात. जंगलात वेचलेली अशी शिंगं जहाजातून शेफील्डला, सोलिंगनला आणि अमेरिकेला जायची. ती निर्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी ब्रॅडफर्डमध्ये बनलेल्या चाकूची मूठ बराच वेळ अंगठ्याखाली फिरवत बसलो होतो.

पण याच कारणाने काळजी घ्या. भारतात वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली सांबरशिंगाच्या वस्तूंचा व्यापार बंद आहे. शिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या मुठीचा चाकू भारतात आणू नका, तिथे विकतही घेऊ नका. विमानात कोणताही चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. अमेरिकेत बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या राज्याराज्यांतल्या व्यापारावर १९५८ चा केंद्रीय कायदा आहे आणि राज्यांचे नियम वेगवेगळे आहेत, तेव्हा श्रेडचा जुना बटणाचा चाकू घेण्याआधी आपल्या राज्याचा नियम वाचा. महाराष्ट्रात पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी निघतात. संग्रहातला चाकू घरातच ठेवावा, खिशात घालून फिरू नये.

नोंद कशी ठेवायची आणि गोष्ट कशी सांगायची

प्रत्येक चाकूला एक कार्ड. त्यावर मी तीन भाग करतो: ‘दिसतं ते’, ‘सांगितलं ते’ आणि ‘माझा अंदाज’. पहिल्यात टँगवरची अक्षरं जशीच्या तशी, मिटलेल्या चाकूची लांबी, मूठ, झीज. दुसऱ्यात विकणाऱ्याचे शब्द, त्याच दिवशी, शक्यतो गाडीत बसल्या बसल्या लिहिलेले. तिसऱ्यात माझा तर्क, पेन्सिलने. हे तीन एकमेकांत मिसळले की दंतकथा तयार होते. ‘आजोबा हा चाकू घेऊन युद्धावर गेले होते’ असं कोणी सांगितलं आणि टँगवर पाच ठिपके दिसले, तर कार्डावर दोन्ही लिहा. चाकू १९७५ चा आहे, पण आठवण खोटी असेलच असं नाही. मूळ चाकू हरवल्यावर तसाच दुसरा घेतलेला असू शकतो.

विकणाऱ्याला विचारायचे प्रश्न साधे आहेत. कोणाचा होता? ते काय काम करायचे? कुठल्या खिशात असायचा? धार कशावर लावायचे? या शेवटच्या प्रश्नाला हमखास उत्तर मिळतं, आणि त्या उत्तरातून एक अख्खं अंगण उभं राहतं. नाव लिहायची परवानगी मागा. नको म्हणाले तर गाव आणि धंदा पुरे.

मुठीवर धान्याच्या दुकानाचं किंवा बियाणं विकणाऱ्याचं नाव छापलेले जाहिरातीचे चाकू मिळतात. बाजारात त्यांना फारसा भाव नाही, पण इतिहास सांगायला ते सोनं आहेत. त्या गावच्या वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं आणि व्यवसायांच्या याद्या असतात. ते दुकान शोधा आणि सापडलेल्या माहितीची एक प्रत तिथल्या इतिहास मंडळाला द्या. तुम्ही मराठी लोकांना दाखवणार असाल तर आधी आकार दाखवा, मग धंदा सांगा, साल सगळ्यात शेवटी. आमच्या गणपतीच्या कार्यक्रमात एकदा टेबलावर सहा चाकू मांडले होते. मुलं टँगवरचे ठिपके मोजत होती आणि आजोबा मंडळी स्प्रिंगचा ‘टक्’ आवाज ऐकून आपापल्या गावच्या लोहाराबद्दल बोलत होती.

त्या पहिल्या स्टॉकमनचं कार्ड मी उशिरा, आठवणीने लिहिलं. ‘दिसतं ते’ मध्ये: केस एक्सएक्स, म्हणजे १९४० ते १९६४, ६३४७, मोठं पातं निम्मं झिजलेलं, स्पे जवळपास पूर्ण. ‘सांगितलं ते’ मध्ये: विकणाऱ्याच्या वडिलांचा, दुधाच्या जनावरांचं शेत, स्पे पातं उकळत्या पाण्यातून काढून पुसायचे. त्याखाली ‘गाव’ असं लिहून पुढची जागा कोरी ठेवली आहे. दर उन्हाळ्यात त्या मैदानावर गेलो की ते कार्ड खिशात असतं.